हानाचा खाऊ

सोनी माझ्या मांडीवर दुसऱ्यांदा ओकली तेव्हा त्यात रक्त होतं. भर दुपार, जांभूळ गावाहून उल्हासनगरकडे धावणारी रिक्षा आणि चार वर्षांची पोर माझ्या हातात मान टाकून पडलेली. माझ्या एका बाजूला आमच्या बालगृहाच्या मॅडम फोनवर बोलत होत्या. दुसऱ्या बाजूला हाना नावाची परदेशी पोरगी सोनीचा पाय धरून रडत होती. मी तिला म्हटलं, "रडू नकोस. पाय सोड आणि तुझी ओढणी दे इकडे, तोंड पुसायला." तिला एक अक्षर कळलं नाही. ती आणखी जोरात रडायला लागली.

ह्या हानाबद्दल मला सांगायचं आहे. मला ती आवडत नव्हती, हे आधीच सांगून ठेवते.

मी त्या बालगृहात स्वयंपाकाला होते. परदेशातून तरुण पोरंपोरी तिथं सेवा करायला यायची. कोणी दोन आठवडे राहायचं, कोणी महिनाभर. येताना रडायची, जाताना रडायची आणि मध्ये भिंत रंगवायची. भिंत एकच. एकांनी पिवळी केली, पुढच्यांनी त्यावर हिरवा रंग मारला, हाना आली तेव्हा मॅडमनी निळ्या रंगाचा डबा आणून ठेवला होता. मी मॅडमना म्हटलं, "अहो, संडासाचं दार मोडलंय, ते तरी रंगवू दे हिला." मॅडम म्हणाल्या, "मावशी, पाहुणी आहे. तुम्ही भाकऱ्या बघा."

हाना उंच, उन्हानं लाल झालेली, पायात नेहमी उलटसुलट चप्पल. कुठूनतरी एक मराठी वाक्य शिकून आली होती, "मला जमेल." भाकरी थापायला बसली, मला जमेल. भाकरी तव्यावर पडता पडता तिचे तीन तुकडे झाले, ते दारातल्या कुत्र्यानं खाल्ले. विहिरीवर कपडे धुवायला आली, मला जमेल. साबण विहिरीत गेला. मी म्हणायचे, "बाई गं, तुला न जमणारं काय आहे तेवढं सांग, म्हणजे मी तिथं उभी राहते." ती हसून मान डोलवायची.

तिची सवय अशी, की दिसेल ते मूल उचलायचं. जेवत असलेलं मूल ताटावरून उचलायची. शी करून आलेलं, अजून न धुतलेलं मूलसुद्धा कडेवर घ्यायची आणि मग नाक मुरडत माझ्याकडे आणायची. उचललं की फोटो. मुलं इतकी सरावली होती, की फोन वर झाला की आपोआप हसायची आणि खाली गेला की तोंड मिटायची. सोनी मात्र तशी नव्हती. ती एकदा हानाच्या कडेवर चढली ती उतरायलाच तयार होईना. हाना आंघोळीला गेली की ही न्हाणीच्या दाराशी बसून राहायची. मी ओढून आणायचे, ही परत जायची. हानाला ते फार गोड वाटायचं. मला भीती वाटायची. ह्याआधीच्या पोरीच्या मागे सोनी अशीच लागली होती आणि ती गेल्यावर कित्येक दिवस धड जेवली नव्हती.

परदेशी पाहुणे बॅगा भरून खाऊ आणि खेळणी आणायचे. मॅडमची पद्धत ठरलेली होती. आधी मुलांच्या हातात द्यायचं, फोटो काढू द्यायचे, मग संध्याकाळी सगळं गोळा करून लोखंडी कपाटात. कपाटाला कुलूप. एक निळ्या डोळ्यांची बाहुली तर मी इतक्यांदा वाटलेली आणि इतक्यांदा परत आलेली पाहिली, की तिच्या अंगावरचा प्लास्टिकचा कागदही निघाला नव्हता. "हरवतात, मोडतात हो," मॅडम म्हणायच्या, "मुलांना किंमत नसते."

त्या दिवशी सकाळी हानानं सोनीला एक बाटली दिली. आत रंगीत गोळ्या, कुठली हत्तीच्या आकाराची, कुठली सशाच्या. ताकदीच्या होत्या म्हणे. रोज एक खायची, असं तिनं बोट दाखवून सांगितलं. सोनीनं बाटली छातीशी धरली, हानानं फोटो काढला आणि आंघोळीला गेली. दुपारी सोनी ओकायला लागली.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होता, घाईत होता. "काय खाल्लं हिनं?"

मॅडम म्हणाल्या, "स्वयंपाकाच्या बाईंनी काही शिळं वाढलं असेल."

मी म्हटलं, "तीच डाळ सगळ्या पोरांनी खाल्ली. बाकीची अंगणात उड्या मारतायत."

"मावशी, गप्प बसा. डॉक्टर मला विचारतायत."

हाना तेव्हा माझ्या लुगड्याकडे बघत होती. ओकारीत लाल-हिरवे कण होते. ती इंग्रजीत काहीतरी बोलली. मॅडमनी तिचा दंड धरला आणि दबक्या आवाजात "नो, नो" म्हणाल्या. एवढं इंग्रजी मलाही येतं. हानानं दंड सोडवून घेतला. "मला जमेल," ती मॅडमना म्हणाली आणि डॉक्टरसमोर फोन धरला. सोनी आणि बाटली. डॉक्टरनं फोटो मोठा करून बाटलीवरची अक्षरं वाचली.

"ह्यात लोह आहे," तो म्हणाला. "एवढ्याशा पोरानं बाटलीभर खाल्लं तर विष होतं. आधी का नाही सांगितलं?"

सोनीला आत नेलं. रात्र काढली तर बघू, म्हणाले.

त्या फोटोमुळे योग्य औषध वेळेवर सुरू झालं, असं लोक मला सांगतात. असेल. पण गोळ्याच आणल्या नसत्या तर फोटो लागला नसता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोनीनं डोळे उघडले. मी विचारलं, "सगळ्या गं का खाल्ल्यास, सोने?"

ती म्हणाली, "मॅडम कपाटात ठेवतात ना. म्हणून मी पोटात ठेवल्या."

हाना तिथंच होती. हिंदीचे चार शब्द तिला यायचे, म्हणून मी तिला माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, "मॅडम ले लेती है. इसलिए पेट में रखा." ती खाली फरशीवर बसली. पहिल्यांदाच रडली नाही.

तेवढ्यात सोनीची आई आली. उल्हासनगरातच, कॅम्प तीनला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायची, बोटं निळी ती निळीच. एकटीनं पोर सांभाळून काम होईना म्हणून तिनं सोनीला बालगृहात ठेवलं होतं. पाहुणे असताना मुलांच्या आयांनी फिरकायचं नाही, असा मॅडमचा नियम होता. निरोप मी धाडला होता.

"ये कौन?" हानानं विचारलं.

"मम्मी."

"मॅडम बोला, नो मम्मी. सब बच्चा, नो मम्मी."

"तुमको वैसाच बोलते," मी म्हटलं. "मम्मी है बोला तो तुम आएगा क्या?"

आणि सोनीनं, आई उशाशी उभी असताना, हानाकडे दोन्ही हात पसरले. आईनं मान फिरवली. हाना पुढे झाली तशी मी मध्ये हात घातला. "उठाना नहीं. तू तो जानेवाली. उठाया तो फिर नीचे रखना पड़ेगा."

ती थांबली. दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एकमेकांत घट्ट धरले. सोनी थोडा वेळ रडली, मग तिच्या आईनं तिला घेतलं. हानाला त्या दिवशी एकच गोष्ट जमली, ती ही. तेवढं मी मान्य करते.

बालगृहात परत आल्यावर तिनं मॅडमकडे कपाटाची किल्ली मागितली. मोठं भांडण झालं. किल्ली मिळाली नाही. ती ठरल्या तारखेला तिच्या देशात गेली, जाताना फोटो काढला नाही. मला मॅडमनी घरी बसवलं. भिंत आता परत पिवळी आहे, असं ऐकते. म्हणजे नवीन कोणी आलंय.

सोनीला तिच्या आईनं त्या घरात पुन्हा पाठवलं नाही. दोघी कॅम्प तीनला एका खोलीत राहतात. मी कधीमधी जाते, चिक्की नेते. सोनी अर्धी खाते, अर्धी फळीवर ठेवते. सकाळी उरलेली तिथंच असते.

सोनी जगली.