गाडी परत गेली, मशीन घरी राहिलं

गेल्या महिन्यात गाडी परत गेली. मुलीच्या ऑफिसातून लीजवर घेतलेली होती. म्हणजे वापरायची आपण, भाडं कापायचं तिच्या पगारातून, आणि मुदत संपली की गाडी परत. न्यायला आलेला माणूस गाडीभोवती फिरून ओरखडे बघत होता. मी काचेवरचं रस्ता दाखवायचं मशीन उपटलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं.

"काका, ते गाडीचं का?"

"नाय. आमचं."

त्या मशिनात एक घर आहे. त्या घरी मला ताजे बांगडे पोचवायचे होते. बायकोचं तेवढं एक सांगणं राहिलं होतं.

माझी शाळा चौथीपर्यंत. जन्म होडीवर गेला. होडी विकल्यावर थोडे दिवस मासळीचा टेम्पो चालवला, तोही कुडाळच्या पलीकडे नाही. मग बायको आजारी पडली, तिला गोव्याच्या मोठ्या इस्पितळात न्यावं लागायचं, आणि एसटीचे धक्के तिला सोसेनात. मुलगी पुण्याहून म्हणाली, "बाबा, टेम्पो चालवलाय तुम्ही, गाडी काय कठीण?" आणि तिने हे लीजचं जमवलं. तिचे उपकार आहेत. मुलीचे उपकार मानू नयेत म्हणतात, मी मानतो.

गाडी ठरवायला तिघं गेलो. शोरूमवाल्याने विचारलं, नकाशा कंपनीने आतच बसवलेला हवा, की साधी गाडी घेऊन मशीन वेगळं लावता? फोनवर पण येतो म्हणाला, पण माझा फोन बटणांचा. आतल्याचा पडदा ताटाएवढा होता. मला तोच आवडला. वेगळं मशीन उन्हात सुटून पडतं असंही त्याने सांगितलं. खोटं नाही सांगितलं. पुढे मे महिन्यात ते माझ्या मांडीवर कितीदा पडलं.

बायको खुर्चीत टेकून बसलेली. एकदम म्हणाली, "गाडी परत देतलास तेवा ह्यां पण जातलां मा?"

"हो काकी, ते गाडीतच राहणार."

"मगे नको. आमी होडी इकली तेवा मशीन दिलेलां काय?"

त्याला कळेना, म्हणून मी सांगितलं. आमच्याकडे होडी विकतात, इंजिन विकतात, जाळी विकतात. समुद्रावर वाट दाखवायचं मशीन मात्र विकत नाहीत. पाण्याखाली खडप, म्हणजे खडक, कुठे, मासे कुठे गावतात, त्या सगळ्या खुणा त्यात राखलेल्या असतात. त्या कोण दुसऱ्याला देतो?

"काकी, रस्त्यावर कुठले मासे?" तो हसला.

"तुका काय म्हायत, रे बाबा. चांगली चाय खंय गावता ह्यां ध्यानात ठेवूक नको?"

झालं, वेगळं मशीन घेतलं. चालवायचो मी, मशीन तिच्याकडे. तिला अक्षरं जुळवायला जमत नसत, म्हणून ती चित्रं दाबायची. चहाला कप, सावलीला झाड.

पहिल्याच फेरीला मी घोळ घातला. समुद्रावर मशीन नुसता बाण दाखवतं. होडीचं तोंड बाणावर धरायचं आणि जायचं, मधे वळणं कसली? गोव्याच्या हद्दीजवळ, इन्सुलीच्या अलीकडे, हायवे एका अंगाला वळला आणि गोव्याची खूण मला पडद्यावर नाकासमोर दिसली. मी सरळ लाल मातीच्या वाटेला गाडी घातली. मशीन ओरडायला लागलं, मागे वळा, मागे वळा.

"मेला ता बोंबलता आणि तुमी आयकनास नाय! ही होडी नाय!" बायको म्हणाली.

म्हणेपर्यंत वाट संपली आणि आम्ही कोणाच्या तरी खळ्यात, घरापुढच्या अंगणात. तिथेच तिला ओकारी झाली. तोंड पांढरं पडलं. घरातून एक बाई आली, आमच्या मुलीपेक्षा थोडी मोठी असेल. कोण, कुठले, काही नाही. "ये गो, आत येऊन पड." चटई घातली, पाठ चोळली, पेज दिली, वर लोणच्याची फोड. बायको तासभर शांत झोपली. तशी ती घरीसुद्धा झोपत नव्हती.

निघताना तिने मशीनवर घराचं चित्र दाबलं. "एक दिवस हिका ताजे बांगडे हाडून देवया," म्हणाली. पण पुढच्या फेऱ्यांत परतताना तिच्यात जीव नसायचा, थेट घर गाठायचो. गेल्या हिवाळ्यात ती गेली. ती शेजारी नसताना त्या वाटेला गाडी घालणं माझ्याने होईना.

तर गाडी गेल्यावर मी बुधवार बघितला, मासे खायचा वार, म्हणजे बाईची पंचाईत नको. पहाटे रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावर जाळं ओढतात तिथे, जाऊन बांगडे घेतले, बर्फात घातले, एसटीने सावंतवाडी गाठली. तिथे रिक्षा केली.

"खंय जावचा काका?"

"ह्या मशिनात घर आसा."

"घरवाल्याचा नाव?"

"म्हायत नाय."

"मगे चल्लास कित्याक?"

"मासे देवक."

तो इतका हसला की रिक्षा चालू करायला विसरला. पण माणूस चांगला. मशीन सांगेल तिथे वळत गेला, माझ्यासारखा शहाणपणा केला नाही. चित्रावर बाण येऊन थांबला तेव्हा आम्ही त्याच घराच्या मागच्या दाराला होतो.

बाई भांडी घासत होती. मला ओळखलं नाही. खळ्यात गाडी घातलेली सांगितली तेव्हा हात थांबले.

"अगो बाई! ती बरी झाली मा?"

"नाय गो बाये. गेली ती. ह्ये तिने तुका देवक सांगितल्यान."

तिने पिशवी घेतली. कोणी गेलं की लोक बोलत सुटतात, मला त्याचा वीट आलाय. हिने विळी काढली आणि मासे साफ करायला बसली. मान वर न करता विचारलं, "ती कशी करी? सुक्यात तिरफळा घाली?"

वर्षभरात लोकांनी मला ती कशाने गेली ते विचारलं. ती बांगडे कसे करायची, हे कोणीच विचारलं नव्हतं.

"घाली," मी म्हटलं. "आणि खोबरां जरा कमी."

"मगे तशेच करतंय. रिक्षावाल्याक पण सांगा, जेवून जावंदे."