व्हेनेता काल्चेवा आणि कॅप्टनची नदी

व्हेनेता काल्चेवा आमच्याच इमारतीत, पाचव्या मजल्यावर राहते. बल्गेरियातल्या रुसे शहराच्या आमच्या भागात कुणाचा कॉम्प्युटर बिघडला की लोक शेजाऱ्याला विचारतात आणि शेजारी तिचं नाव सांगतो. दारावर पाटी तिनं कधी लावली नाही.

तरुणपणी ती कॉम्प्युटरच्या कारखान्यात सर्किट बोर्ड तपासायची. कारखाना बंद पडला तेव्हा ती अडतीस वर्षांची होती. पुढची काही वर्षं तिनं बेकरीत पहाटेची पाळी केली. मग लोकांच्या घरी कॉम्प्युटर येऊ लागले, आणि आले तसे अडू लागले. कुणाच्या पडद्यावरची सगळी चित्रं गायब व्हायची, कुणाचा कॉम्प्युटर सुरू होऊन लगेच बंद पडायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या नवरा-बायकोनं एकमेकांना न सांगता दोन वेगवेगळे अँटिव्हायरस बसवले होते. ते दोन प्रोग्रॅम एकमेकांनाच चोर समजून धरत बसायचे आणि कॉम्प्युटर ठप्प. व्हेनेतानं त्यातला एक काढला. कुणाचा काढला हे तिनं दोघांनाही सांगितलं नाही.

मी सांगतेय ती गोष्ट २००२ सालच्या हिवाळ्यातली. मी तेव्हा शहराच्या ग्रंथालयात कामाला होते, म्हणून यातलं थोडं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. बाकीचं व्हेनेताकडून आणि कॅप्टनकडून कळलं.

कॅप्टन डोब्री राश्कोव्ह यांनी सदतीस वर्षं डॅन्यूब नदीवर मालाचे तराफे ओढणारी बोट चालवली होती. निवृत्त झाल्यावर ते नदी लिहायला बसले. आपल्या हद्दीत नदी शिरते तिथपासून सिलिस्त्राला ती हद्द सोडते तिथपर्यंत प्रत्येक वाळूचा पट्टा, प्रत्येक बेट, बोटीवरची माणसं त्याला काय म्हणायची, तिथं कोण कधी रुतलं, कसं निघालं. नकाशात नसलेली नावं. आधी वह्यांमध्ये लिहिलं. मुलगी यास्नानं वार्नाहून कॉम्प्युटर पाठवला तेव्हा त्यांनी सगळं दोन बोटांनी टाइप केलं आणि वह्या तळघरात ठेवल्या. तळघरात पाणी शिरलं, वह्यांचा लगदा झाला. ते काही फार हळहळले नाहीत. नदी कॉम्प्युटरमध्ये होती. सात भाग, सात फाइली.

नोव्हेंबरात त्या फाइली विचित्र वागायला लागल्या. नाव बदलून ठेवता येईना. उघडताना दर वेळी कसली तरी सूचना यायची. कॅप्टननी व्हेनेताला बोलावलं.

तिनं बघताक्षणी ओळखलं. कागदपत्रांच्या फाइलींना लागणारा व्हायरस होता, त्या वर्षी घरोघर होता. तिनं सीडीवरून अँटिव्हायरस बसवला आणि स्कॅन लावला. एकेचाळीस फाइलींना लागण निघाली. प्रोग्रॅम प्रत्येक फाइलीपाशी विचारायचा: साफ करू, पुसू, की सोडून देऊ? ती साफ करत गेली. मग एक फाइल साफ होईना. कॅप्टन स्वयंपाकघरातून विचारत होते, चहात लिंबू चालेल का. ती चालेल म्हणाली आणि तिनं ‘पुसा’ दाबलं. त्याखाली ‘पुढच्या सगळ्यांना हेच लागू’ असा चौकोन होता, त्यातही तिनं सवयीनं खूण केली होती. पडदा भराभर पुढे सरकला. स्कॅन संपला, लागण शून्य.

कॅप्टन चहा घेऊन आले. खुर्चीवर बसून त्यांनी आपलं फोल्डर उघडलं. ते रिकामं होतं.

दुसरी प्रत कुठे आहे, असं तिनं विचारलं. प्रत म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं.

यानंतर तिनं पहिली गोष्ट केली ती ही की कॉम्प्युटरची तार भिंतीतून उपटली. पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही, पण त्यावर नवीन काही लिहिलं गेलं की गेलं. कॅप्टनना हे माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं, “व्हायरसनं खाल्लं ना सगळं?”

हो म्हणाली असती तर कुणाला कधी कळलं नसतं. तिनं मला नंतर सांगितलं की तोंडात ‘हो’ आलं होतं.

“नाही,” ती म्हणाली. “व्हायरसनं फक्त बिघडवलं होतं. पुसलं मी. चुकीचं बटण दाबलं.”

कॅप्टननी चहाचा कप तिच्यापुढून उचलला, मोरीत ओतला, धुऊन पालथा घातला. “बाई, सदतीस वर्षांत मी एक बोट रुतवली,” ते म्हणाले. “ती निदान दिसत तरी होती. तुम्ही जा आता.”

“जाते. पण हार्ड डिस्क काढून घेऊन जाते.”

“ती कशाला? उरलंसुरलं पुसायला?”

“उरलंय का ते बघायला.”

त्यांनी अडवलं नाही. ती पिशवीतून स्क्रू काढायचा पेचकस घेऊन जमिनीवर बसली आणि ते सगळा वेळ खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

नऊ दिवस तिनं दुसरं काम घेतलं नाही. ती डिस्क स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडून तिनं पुसलेलं उकरणारा प्रोग्रॅम चालवला. मजकूर निघाला, पण तुकड्यातुकड्यांनी. वाक्य मधेच तुटायचं आणि पुढचा तुकडा भलत्याच बेटावरचा असायचा. मधे निरर्थक चिन्हांची पानंच्या पानं. कुठला तुकडा कुठल्या भागातला, याचा तिला काही पत्ता लागेना. ती रुसेची, नदीकाठी जन्मलेली, पण बोटीत आयुष्यात दोनदा बसलेली.

दहाव्या दिवशी ती माझ्याकडे ग्रंथालयात आली आणि सगळं छापून मागितलं. तीनशे बारा पानं झाली. वाकलेल्या पाठीनं ती गठ्ठा घेऊन बर्फातून कॅप्टनकडे गेली. दार उघडायला त्यांनी वेळ लावला. तिनं गठ्ठा टेबलावर ठेवला आणि सांगितलं की हे सापडलं, पण पिसलेल्या पत्त्यांसारखं झालंय.

कॅप्टननी वरचं पान उचललं. ते बराच वेळ वाचत होते. मग त्यांनी पेन्सिल घेऊन कोपऱ्यात एक आकडा लिहिला: पाचशे सत्तेचाळीस. दुसरं पान घेतलं, सहाशे एकवीस. नदी मुखापासून किलोमीटरांनी मोजतात आणि कुठली वाळू कितव्या किलोमीटरवर, हे त्यांना पाठ होतं. अर्धं वाक्य वाचलं तरी पुरायचं. “ही म्हातारीची पाठ,” ते म्हणायचे, “चारशे बारा. घाला तिकडे.” व्हेनेता जमिनीवर ढीग लावत गेली. संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरापासून न्हाणीच्या दारापर्यंत नदी पसरली, आणि कॅप्टनना पलीकडे जायचं तर भिंतीला धरून चालावं लागत होतं.

हे मार्चपर्यंत चाललं. ती आठवड्यातून तीनदा जायची. पाच भाग जवळजवळ पूर्ण जमले. उरलेल्या दोन भागांत मोठाली भोकं होती. ती कॅप्टननी तोंडी सांगून भरली, तिनं टाइप केली. त्यावरून वाद व्हायचे. एका बेटाजवळ बोट रुतल्याची हकीकत त्यांनी सांगितली, तर तिनं दाखवून दिलं की वाचलेल्या तुकड्यात तीच बोट दुसऱ्या वर्षी रुतलीय.

“मग तेव्हा मी खोटं लिहिलं असेन,” कॅप्टन म्हणाले.

“मग आता कुठलं ठेवू?”

“आताचं. आता ज्याच्यापुढे नाव राखायचं असा कुणी वरिष्ठ उरला नाही.”

त्यांनी उघड उघड माफ केलं, असं कधी झालं नाही. जानेवारीत केव्हातरी चहा पुन्हा मिळायला लागला. फेब्रुवारीत यास्ना आली होती. घरात पसरलेली पानं आणि त्यात गुडघ्यांवर बसलेली ही अनोळखी बाई पाहून तिनं वडिलांना विचारलं की या कोण. कॅप्टन म्हणाले, “यांनीच घालवलं होतं.” तेवढंच.

पुस्तक दोन वर्षांनी आमच्या ग्रंथालयानं काढलं, दोनशे प्रती. प्रस्तावनेत शेवटी कॅप्टननी लिहिलं होतं की हा मजकूर व्हेनेता काल्चेवा यांनी एका क्षणात पुसला आणि चार महिन्यांत परत आणला, आणि दोन्ही गोष्टी वाचकाला माहीत असाव्यात. छपाईआधी मी तिला विचारलं, पहिली गोष्ट काढायची का. लोक वाचतील, तुझा धंदा आहे.

तिनं ते वाक्य दोनदा वाचलं. “काढू नकोस,” म्हणाली. “फक्त चार नाही, साडेचार महिने लागले. तेवढं नीट कर.”

मी कॅप्टनना फोन लावला. ते म्हणाले, साडेचार तर साडेचार. दोनशे प्रतींत तसंच छापलं आहे.