काट्यांची चांदणी

बदनापूरच्या स्टेशनावर बाबांनी आम्हाला डब्यात अक्षरशः कोंबलं. "जल्दी चढा, मागं पाहू नका," एवढंच बोलत होते. अठ्ठेचाळीसचा उन्हाळा होता, रझाकारांच्या भीतीने गाव रिकामं होत चाललं होतं. आई, मी आणि धाकटा योना नगरला मामांकडे निघालो होतो. बाबा मागे राहणार होते, कारण दोन बैल कोणाच्या हवाली करायचे? गाडी हलली तसे ते खिडकीसोबत चालत म्हणाले, "नाताळाला येतो, बिलकुल येतो. पर मी न्हाई आलो तरी चांदणी करा."

तुम्ही जे तिकडे गावाकडेच राहिलात, त्या तुम्हाला नाताळात दारावर टांगायच्या आमच्या चांदणीचं नवल नाही. ज्वारीची वाळकी धाटं दोरा न लावता बाभळीच्या काट्यांनी टोचून जोडायची, पोरं धाटांच्या बैलगाड्या करतात तशी. वरून पतंगाचा कागद खळीने चिकटवायचा. बाबा आम्हा दोघांना शेजारी बसवून शिकवत आणि धाट फाटलं की डाफरत. मला त्या डाफरण्याचा भारी कंटाळा यायचा.

सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. लोक गावी परतू लागले, पण बाबांची काही खबर नव्हती. डिसेंबरात मामी हळूच म्हणाली, यंदा चांदणी राहू दे. आई म्हणाली, "करायची. त्यांनी सांगितलंय."

मी आणि योनाने कडब्याच्या गाडीवाल्याकडून धाटं मागून आणली. शिकवणारं कोणी नव्हतं, काटे टोचले ते आरपार गेले. मामांच्या गल्लीत सगळ्यांच्या चांदण्या बांबूच्या कामट्यांच्या, दोऱ्याने नीट बांधलेल्या. शेजारची पोरं हसून लोळली. "ही चांदणी की साळिंदर?"

नाताळाच्या आदल्या संध्याकाळी मागे कंदील लावून आम्ही ती दारावर टांगली आणि जेवायला बसलो. तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"काट्याची टोकं बाहेर कोण ठेवतं रे? लेकराच्या डोळ्यात गेलं मंग?"

आई खरकट्या हातानेच धावली. दाढी वाढलेले बाबा दारात उभे राहून एकेक काटा मोडत होते. मामांचं घर त्यांना कोणाला दाखवावं लागलं नव्हतं; गल्लीत काट्यांची चांदणी एकच होती.

"बैल?" आईने विचारलं.

"हायेत बराबर. शेजाऱ्याच्या गोठ्यात बांधून आलो."

तेव्हा कुठे ती रडली. मला तर इतकं हायसं वाटलं की बाबांनी रात्रभर डाफरलं असतं तरी चाललं असतं.

आम्ही नगरचेच झालो. बाबा जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. नातवंडांना विजेची चांदणी आवडते, ती लावतोच, पण एक धाटांची करतो. सगळे काटे मोडून झाले की एक मी मुद्दाम बाहेर ठेवते. मागच्या नाताळात तो धाकट्या नातीच्या नजरेला पडला.

"आजी, काट्याची टोकं बाहेर कोण ठेवतं गं?" ती बाबांसारखीच डाफरली, आणि मी घरी पोचले.