मामाच्या तळ्यातला मांगूर

बारामतीत कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी मांगूर मासे तपासत होते. देशी आणि बंदी असलेला विदेशी, लहान असताना दोन्ही सारखेच काळे, मिशांचे. डोळे फसतात; पण पराच्या चिमूटभर तुकड्यातून डीएनए काढला, की जेलच्या पातळ थरावर दोघांच्या डीएनएचे पट्टे वेगवेगळ्या जागी उमटतात. फक्त ताडून बघायला एक खात्रीचा देशी मासा लागतो. तो मी अंथुर्ण्याहून, मामाच्या शेततळ्यातून आणला. मामा देशी म्हणाला, म्हणजे देशी. आमच्याकडे मामाच्या शब्दावर शंका घेणं म्हणजे आईच्या माहेराला नाक मुरडणं. सरांनी विचारलं, "खात्री आहे?" मी हसलेच. "घरचा आहे, सर."

निमगाव केतकीच्या बाजारात मासे विकणाऱ्या चाचांच्या मांगुराचे पट्टे त्याच्याशी जुळेनात. विदेशी सापडला! मला कोण आनंद झाला. पुढच्याच बाजारी त्यांच्या पाटीसमोर उभं राहून मी गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चाचा, हा देशी नाही."

"अवो ताई, वढ्यात सोता जाळं लावून धरलाय."

"मशीन खोटं बोलत नाही, चाचा. अंथुर्ण्याच्या माझ्या मामाच्या तळ्यातल्या देशीशी ताडून बघितलाय." गिऱ्हाइकं पांगली.

मग सरांनी दोन्ही नमुने पुण्याला सविस्तर तपासणीला पाठवले. चाचांचा मासा देशी निघाला. बंदीतला होता तो मामाचा. सर रागावले नाहीत, नुसता कागद माझ्यापुढे सरकवला. माझे कान तापले. मामाला फोन केला, तर तो म्हणाला, "माशाचं बी इकनारा देशी म्हनला हुता, पोरी. आपल्या वळखीचा मानूस. त्याला काय इचारायचं?" मी कुठल्या तोंडानं रागावणार होते?

बाजाराच्या दिवशी चाचांची माफी मागायला निमगावला गेले. चाचांनी लांबूनच हाक मारली.

"या ताई! आता आपल्याकडं बी खरा देशी हाय. तुमच्या मामांकडनंच आणतो. आमचा वढ्यातला कुनी घेईना." मग गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाले, "ह्याच ताईंनी मशीनवर तपासलाय. इचारा त्यांना."

सगळे माझ्याकडे बघू लागले. लाजेनं मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी म्हणाले, "चाचा, तुमचा ओढ्यातलाच देशी होता. हा नाही." आवाज इतका बारीक निघाला, की चाचांनी कानामागे हात धरला.

"जरा मोठ्यानं बोला की ताई," ते कौतुकानं म्हणाले, "समद्यांना ऐकू जाऊ द्या."