सगळ्यांत लांबचं शिबिर

सातवीतल्या माझ्या नाताळच्या सुट्टीवरून आमच्या घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी पुढे माझ्या लग्नावरूनही झाली नाही. जेमतेम आठवडाभराची सुट्टी. एरवी त्या दिवसांत आम्ही पोरं उन्हात बसून बोरं खायचो आणि घरी येऊन आईची बोलणी खायचो. त्या वर्षी मात्र शाळेत शिबिरांची पत्रकं वाटली गेली आणि घरातल्या प्रत्येकाला माझ्यासाठी वेगळंच शिबिर पसंत पडलं. मला त्यातलं कुठलंच नको होतं. हे मी बोलून दाखवलं नाही, कारण मग का नको तेही सांगावं लागलं असतं.

शिबिरं तीन होती. एक अमरावतीला, व्यायामशाळेच्या मैदानावर, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतण्यासारखं. तिथे योगासनं, लेझीम आणि बाकी वेळ चांगलं कसं वागावं यावर भाषणं. दुसरं अकोल्याला, विज्ञानाचं, दुर्बीण वगैरे असलेलं. तिथे आत्याकडे राहायची सोय होती. तिसरं चिखलदऱ्याचं. पाच दिवस तंबूत राहायचं, जंगलात फिरायचं, दोर धरून कडा उतरायचा. आम्ही तिवस्याला राहायचो. तिथून अमरावती बसने तासाभरावर, अकोला त्याच्या पुढे, आणि चिखलदरा म्हणजे घाट चढून पार वर. तिथून तेव्हा घरी फोन लागण्याची काही सोय नव्हती. आईला अमरावती हवी होती, आत्याला अकोला. बाबा म्हणाले, चिखलदरा.

बाबा काही म्हणाले याचंच आधी सगळ्यांना नवल वाटलं. पावसाळ्यापासून ते फारसं काही म्हणतच नव्हते.

बाबांचं दुकान होतं, बियाण्यांचं आणि खतांचं. फवारणीची औषधंही तिथेच मिळायची. आमच्या भागातले ते दिवस कसे होते हे मी नव्याने सांगायला नको. सकाळचा पेपर उघडायला आई घाबरायची, एवढं सांगितलं तरी पुरे. त्या पावसाळ्यात आमच्या दुकानातून नेलेलं औषध पिऊन दोन माणसं गेली. त्यातला एक बाबांच्या वर्गातला, लहानपणापासूनचा दोस्त. आदल्या दिवशी दुकानात बसून चहा प्यायला, पुढाऱ्यांना दोन शिव्या हासडल्या आणि बाटली पिशवीत टाकून घरी गेला. पोलीस आले, विचारपूस करून गेले. बाबांना कोणीच दोष दिला नाही. दोस्ताची बायकोसुद्धा काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं. शिवी खाल्ली की माणूस निदान उलटून बोलतो तरी.

त्यानंतर बाबांनी दुकानात एक नियम केला. एकट्या माणसाला औषध द्यायचं नाही. ‘घरच्या कोनाले तरी घेऊन ये, मंग देतो,’ असं ते सरळ सांगायचे. लोक चिडायचे. ‘मी काय लहान पोट्टं हाओ?’ असं म्हणून निम्मे समोरच्या दुकानात जायचे. काही जण मात्र खरोखर बायकोला घेऊन यायचे. ती बिचारी कापसाची वेचणी अर्धी टाकून आलेली असायची आणि आपल्याला इथे कशाला आणलं हे न कळून दाराशीच उभी राहायची. बाबा तिच्या हातात बाटली द्यायचे, नवऱ्याच्या नाही.

घरात आईनेही नियम केले, पण तिने ते कोणाला सांगितले नाहीत. एके दिवशी मोरीच्या दाराची आतली कडी नाहीशी झाली. लाकूड फुगलं, कडी लागतच नव्हती, असं आई म्हणाली. मग मधल्या खोलीचीही कडी गेली. गोदामाची किल्ली तिच्या कमरेला आली. मला म्हणाली, ‘शाळा सुटली का दुकानात बसत जाय. तिथं लाइट चांगला हाय.’ दुकानातला बल्ब आमच्या देवघरातल्या दिव्याइतकाच उजेड द्यायचा. तरी मी काही विचारलं नाही. बाराव्या वर्षी मुलीला जे समजायचं ते समजतं.

तेव्हापासून मी पुस्तक उघडून दुकानात बसायचे आणि बाबांकडे पाहत राहायचे. ते मागच्या खोलीकडे वळले की मला तहान लागायची, माठ तिथेच होता. गिऱ्हाईक नसताना ते एखादी बाटली पुसायला लागले की मी काहीतरी विचारायचे, आठ नव्वे किती असंसुद्धा. झोपेतही माझे कान उघडेच असायचे. डोळ्यांत तेल घालून पाहणं म्हणजे काय, हे मला शाळेत शिकवावं लागलं नाही. शाळेत मात्र मी बाकावर पेंगायचे आणि बाईंचा मार खायचे.

अशात ही शिबिरं आली. आई व्यायामाचे फायदे सांगायला लागली, जिने जन्मात कधी योगासन पाहिलं नव्हतं. ‘रोज संध्याकाळी घरी येईन पोरगी,’ एवढंच तिला त्यातलं खरं आवडलं होतं. आत्याने फोन करून विज्ञानाचं महत्त्व सांगितलं आणि शेवटी म्हणाली, ‘दादा, माह्याकडंच धाड. रोज फोनवर बोलजो तिच्याशी.’ म्हणजे तिलाही माहीत होतं. सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि सगळे लेझीम आणि दुर्बिणीवर बोलत होते. मला त्या वेळी त्यांचा फार राग यायचा.

बाबा मात्र चिखलदऱ्यावरून हलेनात.

‘थंडीनं मरन पोरगी तिथं,’ आई म्हणाली. तो शब्द तोंडातून गेला आणि आम्ही तिघंही ताटाकडे पाहत राहिलो.

‘स्वेटर घेऊन देतो,’ बाबा म्हणाले.

तीन शिबिरांतलं सगळ्यांत लांबचं बाबांनी निवडलं होतं, आणि मला त्याचा एकच अर्थ दिसत होता. त्यांना मी वाटेत नको होते.

नाव द्यायला बाबा मला अमरावतीला घेऊन गेले. आधी स्वेटर. हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला तिबेटी लोकांची दुकानं लागतात, तिथे त्यांनी एक तपकिरी स्वेटर माझ्या अंगावर चढवला. तो गुडघ्यांपर्यंत आला.

‘लय मोठं होते, बाबा.’

‘राहू दे. दोन-तीन हिवाळे निघतीन.’

सगळे बाप असंच म्हणतात. सगळ्या पोरी असे स्वेटर घालून मोठ्या होतात. पण माझ्या मनात आलं, बाबा पुढच्या हिवाळ्यांची सोय आत्ताच लावून ठेवताहेत. ते पैसे देत होते, दुकानातली बाई हसून काही बोलत होती आणि मी त्या स्वेटरमध्ये घामाघूम होऊन उभी होते.

शिबिराचं ऑफिस एका माडीवर होतं. तिथल्या बाई पुण्याकडच्या, मोठ्या उत्साही. त्यांनी मला बाळ म्हटलं, माझ्या स्वेटरचं कौतुक केलं आणि बाबांना विचारलं, ‘अचानक काही लागलंच तर कोणाला कळवायचं?’

‘हिच्या आत्याले लावजा फोन. अकोल्याले.’

‘आणि तुम्हाला?’

‘माहा काई भरोसा नाई,’ बाबा म्हणाले. ‘मी दुकानात असतो, नसतो.’

‘मी नाई जात,’ मी म्हणाले. मला वाटलं त्यापेक्षा ते फार मोठ्याने निघालं.

बाई हसल्या. ‘अगं, घाबरतेस कशाला? आमच्याकडे सगळ्यांची अगदी घरच्यासारखी काळजी घेतात.’

घरी कशी काळजी घेतात हे त्या बाईंना ठाऊक नव्हतं. बाबा त्यांना ‘दोन मिन्टं’ म्हणाले आणि माझा हात धरून मला खाली घेऊन आले. खाली दही घातलेल्या गिला वड्याची गाडी होती. त्यांनी एक प्लेट घेतली आणि माझ्यासमोर धरली. मी ती हातात घेतली नाही.

‘काहून नाई जात?’

‘मंग तुमच्यावर कोन लक्ष ठेवन?’

चार महिने आमच्या घरात जे कोणी बोललं नव्हतं, ते मी रस्त्यावर, वड्याच्या गाडीशी बोलून गेले. बाबा रागावले नाहीत. त्यांनी प्लेट गाडीच्या कडेला ठेवली.

‘तुह्या मायनं सांगतलं का असं कराले?’

‘नाई.’

‘मले समजते सारं,’ ते म्हणाले. ‘मोरीची कडी काय आपोआप गळून पडली? आंघोळ करतानी मी गानं म्हनतो ना, ते कायले म्हनतो? भाईर तुमाले आवाज यावा म्हनून.’

मला वाटत होतं, बाबा गातात म्हणजे ते बरे होताहेत. मी आईलाही तसं सांगितलं होतं आणि ती हसली होती. मला तिथेच रडू फुटलं. वडेवाल्याने दुसरीकडे पाहिलं.

‘मंग मले इतक्या लांब काहून धाडता?’

‘तू पुस्तक उघडून बसते अन् पान उलटत नाई. मी तुले पायतो, तू मले पायते. दिवसभर हेच. अमरावतीले गेली तं संध्याकाळी येऊन पुन्ना बसशीन. अकोल्याले गेली तं फोनपाशी बसशीन. चिखलदऱ्याले फोनच नाई. म्हनून तेच धरलं.’ मग बाबा म्हणाले, ‘बारा वर्साच्या पोरीनं बापाले नाई राखायचं, माय. पाच दिवस दुसरं काई पाय. झाडं पाय.’

‘अन् तुमी?’

‘मी हाओ.’

‘शपथ घ्या.’

त्यांनी शपथ घेतली नाही. खोटं बोलता न येणं ही आमच्या घराण्याची खोडच आहे. ‘तुह्या वापसीच्या दिवशी स्टँडवर येतो तुले घ्याले,’ ते म्हणाले. ‘आज मले इतकंच सांगता येते.’ मी डोळे पुसले, आणि आम्ही वर जाऊन नाव दिलं.

चिखलदऱ्याचं मला विचाराल तर फारसं काही सांगता यायचं नाही. मी झोपले. पहिल्या दिवशी तंबूत बॅग ठेवून जरा आडवी झाले, ती मला जेवायलाच उठवावं लागलं. जेवून पुन्हा झोपले. मुलं दोरावरून उतरत होती तेव्हा मी खाली झाडाला टेकून झोपले होते. शिबिराच्या बाईंनी दोनदा माझा ताप पाहिला. मग त्या वैतागल्या. ‘इतक्या लांब येऊन झोपाच काढायच्या होत्या, तर आलीस कशाला?’ एकदा मात्र सकाळी जाग आली तेव्हा समोरची सगळी दरी धुक्याने भरली होती. ती मी उभी राहून पुष्कळ वेळ पाहिली. मग ऊन आलं, धुकं विरलं, खाली झाडंच झाडं दिसली.

शेवटच्या दिवशी सामान भरताना माझ्या लक्षात आलं, काल दिवसभरात मला बाबांची एकदाही आठवण झाली नव्हती. सगळा घाट मी खिडकीच्या गजाला कपाळ लावून उतरले. बाजूची मुलगी गाण्याच्या भेंड्यांत ओढत होती, तिचा हात मी झटकला. मला खात्रीच वाटत होती की मी विसरले त्याच दिवशी ते झालं असणार.

कोणाला टांगणीला लावण्यात मला गंमत वाटत नाही, म्हणून सांगून टाकते. बाबा अमरावतीच्या स्टँडवर होते. पुढेही पुष्कळ वर्षं होते. दुकान विकलं, म्हातारे झाले, दमा झाला, आणि दवाखान्यात आम्हा सगळ्यांच्या देखत गेले. पण हे त्या दिवशी मला माहीत नव्हतं, आणि त्यांनाही नव्हतं. ते एका खांबाला धरून उभे होते. दाढी केलेली होती, गाल आत गेले होते.

‘काय पायलं तिथं?’ त्यांनी विचारलं.

‘काईच नाई. झोपली होती.’

‘बरं केलं,’ ते म्हणाले. तिवस्याच्या बसमध्ये त्यांनी माझी बॅग आपल्या मांडीवर घेतली आणि ती दोन्ही हातांनी धरून बसले.

घरी आईने गरम भाकरी वाढली. पाच दिवस ती सकाळपासून दुकान बंद होईपर्यंत माझ्या जागी बसली होती, हे तिच्या सुजलेल्या पायांकडे पाहून कळलं. मी जेवत असताना तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, मधल्या खोलीत गेली आणि भर दुपारी जमिनीवर, उशीसुद्धा न घेता, झोपून गेली. आईला मी दिवसा झोपलेलं कधीच पाहिलं नव्हतं.

बाबा दुकान उघडायला निघाले. मी उठले नाही. रस्त्यावर मला काय सांगितलं होतं ते माझ्या चांगलं लक्षात होतं, आणि मला शहाण्यासारखं वागायचं होतं. ते दारात गेले, चपला घातल्या आणि तिथेच उभे राहिले. आत झोपलेल्या आईकडे त्यांनी एकदा पाहिलं.

‘दुकानात चालते का?’

‘तुमीच म्हनलं होतं ना, मी नाई राखायचं म्हनून.’

‘म्हनलं होतं,’ बाबा म्हणाले. मग हळू आवाजात, आईला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, ‘तू नोती तं मले माह्यंच भेव वाटे. चाल.’

मी चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर निघाले.