पहिल्या पत्त्याचा मान

समोरच्या फ्लॅटमधल्या माणसाबद्दल मी कुणाकडे तक्रार करू शकत नाही, कारण त्याने काही केलेलंच नाही. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाला, नाशिक रोडच्या आमच्या इमारतीत राहायला आला आणि वर्षाच्या आत सगळ्यांना हवाहवासा झाला. त्याआधी ती जागा माझी होती. पाण्याबद्दल महापालिकेकडे तक्रार करायची असो की लग्नपत्रिकेचा मजकूर हवा असो, लोक माझं दार वाजवत. आता तेच लोक जिना चढून येतात आणि उजवीकडे वळतात. मी डावीकडे राहतो.

गेल्या वर्षी सोसायटीने सगळ्या घरांना मिळून एकच इंटरनेट घेतलं. गच्चीच्या दारापाशी एक राउटर बसला. त्याला सगळे डबा म्हणतात. त्यातून घरोघर वायरी गेल्या. अशा सामाईक जाळ्यावर प्रत्येक फोनला, टीव्हीला, संगणकाला आपापला पत्ता लागतो. सगळ्यांचा पत्ता जवळजवळ सारखा, शेवटचा आकडा तेवढा वेगळा. एरवी हा आकडा डबाच वाटतो; जो येईल त्याला मोकळा असेल तो पाट. पण समोरच्याने सुचवलं की प्रत्येक घरातल्या मुख्य यंत्राला कायमचा आकडा देऊन टाकू, म्हणजे बिघाड कुणाकडे आहे ते लगेच कळेल. सूचना चांगली होती. म्हणूनच मला ती जास्त लागली.

आकडे वाटायला पार्किंगमध्ये सभा भरली. कुणीतरी नारळही आणला होता. आपल्याकडे आकडा आला की पाठोपाठ मान येतो. तळमजला म्हणाला, इमारत आमच्या डोक्यावर उभी आहे, आमच्यापासून सुरुवात करा. तिसरा मजला म्हणाला, बुकिंग आम्ही सगळ्यांत आधी केलंय. अध्यक्ष मूळचे देवळा तालुक्यातले, कांद्याच्या व्यापारात मोठे झालेले. ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "एक नंबर कोणाला दिला ते सांगा आधी."

"एक डब्याचा असतो, साहेब," समोरचा म्हणाला. "सगळ्यांचा रस्ता त्याच्यातूनच जातो. तुम्हाला दोन."

"डब्याला एक अन् अध्यक्षाला दोन? लय भारी!" अध्यक्ष उसळले.

सगळे हसले, अध्यक्ष सोडून.

आमच्या घरातलं मुख्य यंत्र कोणतं, हे समोरच्याने मला विचारलंच नाही. माझी बायको निवृत्त शिक्षिका. दर शनिवारी सकाळी ती परदेशातल्या मुलांना संगणकावर मराठी वाचायला शिकवते.

"वहिनींचा वर्ग अडता कामा नये. त्यांना अकरा. शुभ आकडा," समोरचा म्हणाला.

"आणि ह्यांना?" बायकोने हनुवटीने माझ्याकडे दाखवत विचारलं.

"दादा काय, पेपरच वाचतात. मोकळा असेल तो मिळेल त्यांना."

या वेळी अध्यक्षही हसले.

मग ज्याच्या त्याच्या यंत्रात आकडा टाकून द्यायला तो घरोघर फिरला. आमच्याकडे माझ्या खुर्चीवर बसला, कारण संगणकापाशी तीच होती. बायको शेजारी स्टूल घेऊन बसली. "किती सोपं करून सांगता हो भावोजी तुम्ही!" लग्न झाल्यापासून मी तिला पुष्कळ गोष्टी समजावून सांगितल्या आहेत. सोपं हा शब्द तिच्या तोंडून कधी निघाला नव्हता. त्या आठवड्यात मी या पत्त्यांबद्दल मिळेल ते वाचून काढलं. एवढा मन लावून अभ्यास मी एम.ए.लाही केला नव्हता.

एका शनिवारी वर्ग ऐन रंगात असताना पडद्यावरची मुलं तोंड उघडं ठेवून थिजली. बायको उठली. मी सोफ्यावर होतो, हाताच्या अंतरावर. ती माझ्यापुढून गेली, दार उघडलं आणि हाक मारली, "भावोजी, जरा बघता का?" तो चप्पल पायात सरकवतच बाहेर आला आणि गच्चीकडे गेला.

माझ्या कानात ते "लय भारी" पुन्हा वाजलं. मी खाली अध्यक्षांकडे गेलो.

"या, या!" दिवाणखान्यातला नवा, भिंतभर टीव्ही दाखवत ते म्हणाले. "घेतला की नाही एक नंबर? दोन खोडला, एक टाकला. डब्याला काय कळतंय!"

म्हणजे एका पत्त्यावर दोघे. अख्खी इमारत रस्ता विचारायला डब्याकडे निघत होती आणि अध्यक्षांच्या टीव्हीवर येऊन धडकत होती. हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. अध्यक्ष चुकतात, असं आमच्या सोसायटीत आजवर कुठल्याही सभेत नोंदलं गेलेलं नाही.

"साहेब, लग्नात पहिल्या पंगतीला कोण बसतं?" मी विचारलं.

"पाव्हणे."

"आणि यजमान?"

"त्यो शेवटी. समदे जेवले का ते बघून."

"शेवटचा आकडा दोनशे चोपन्न आहे. त्याच्यानंतर कुणाला बसताच येत नाही."

त्यांनी रिमोट उचलला. "मंग हे त्या सिग्नलवाल्याने का नाही सांगितलं?" म्हणाले, आणि स्वतःच्या हाताने एक खोडून दोनशे चोपन्न टाकला.

जिन्यातच मला वरचा आनंद ऐकू आला. दारादारांतून "आलं, आलं!" चाललं होतं. समोरच्याने नेमका त्याच वेळी डबा बंद करून चालू केला होता.

घरात शिरलो तर बायको माईक बंद करून म्हणाली, "भावोजींनी हात लावला आणि चालू झालं बघा. तुम्ही कुठे होतात?"

"अध्यक्षांकडे."

"वर्ग बंद पडलाय आणि ह्यांना गप्पा सुचतात!"

मी तोंड उघडलं, पण तिने माईक चालू केला होता. कुठलासा मुलगा जोडाक्षराशी झटत होता. तिने वहीच्या कोपऱ्यावर लिहून माझ्यापुढे धरलं: ओट्यावर चहा आहे, त्यांना वर नेऊन द्या.

वर्ग बंद होता तेवढ्यात तिने चहा टाकला होता. गच्चीच्या जिन्यात मी एक घोट घेऊन पाहिला. आलं, वेलची, दाट दूध, हवी तेवढी साखर. मला माझ्या तब्येतीच्या नावाखाली वर्षानुवर्षं जे मिळतं, त्याला आमच्या घरात चहा म्हणतात. मी दुसरा घोट घेतला.

वरून आवाज आला, "दादा, तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

मी कठड्याला टेकून उरलेला चहा सावकाश संपवला आणि रिकामा कप घेऊन खाली आलो.