रिकामं पुजू नये

“फीमर, म्हणजे मांडीचं हाड, तुटलंय. त्याची भीती नाही,” डॉक्टर म्हणाले. “पण गोळीने शेजारची मोठी रक्तवाहिनी फाटलीय. पावलाला रक्त पोचलं नाही, तर पाय काढावा लागेल.”

पाय माझ्या लेकीचा, गौरीचा. वय एकोणीस. दिवस खंडेनवमीचा.

घाटनांदूरला आमचं खतांचं दुकान. यजमानांकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर. दर खंडेनवमीला तेही तराजूशेजारी पाटावर मांडून पुजतात. त्या दिवशी त्यांनी गोळ्या काढल्या होत्या, हे आधीच सांगते. उगाच त्यांच्यावर खापर नको. मीच म्हणाले, “रिकामं काहून पुजायचं? शेजारणीची वाटीबी आपण रिकामी धाडत न्हाई.” ते हसले आणि गोळ्या परत भरल्या. अशी मी अक्कल पाजळली.

दुपारी केर काढायला गौरीने पाट उचलला. रिव्हॉल्व्हर घसरलं आणि फरशीवर आपटलं. तिच्या परकरावर पसरलं ते मला आधी कुंकूच वाटलं.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. मग नर्स दर तासाला पावलाला डॉप्लर लावायची, म्हणजे रक्त वाहतंय का ते ऐकायचं यंत्र. सूं सूं आवाज येईपर्यंत मी यंत्राकडे कान लावून उभी. दुसऱ्या दिवशी आवाज आलाच नाही. पाऊल गार पडलं. पुन्हा ऑपरेशन. पोलिसांना जबाब देऊन यजमान बाकावर बसले होते. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पाचव्या दिवशी बोटं हलली. पाय वाचला, थोडी लंगडेल, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांच्या पायाच पडले.

त्याच दिवशी दिंद्रुडहून माझे थोरले भाऊ भेटायला आले. बसताना टोचतं म्हणून कमरेचं पिस्तूल काढून त्यांनी गौरीच्या उशाशी, सफरचंदांच्या पिशवीजवळ ठेवलं. पोरगी पांढरीफटक पडली.

“दादा, उचला ते,” मी म्हणाले.

“अगं, रिकामंच हाय. मॅगझिन घरी काढून आलोय.”

यजमान त्यांना बाहेर घेऊन गेले आणि पिस्तूल उघडायला लावलं. एक गोळी नळीच्या मागच्या टोकात बसलेली होती. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची डबी, काढलं तरी ती आत राहते. दादांना हे माहीत नव्हतं.

आम्ही परवाना परत केला. तुमच्या घरात हत्यार असेल, तर ते रिकामं करून कुलपात ठेवा, गोळ्या दुसऱ्या कुलपात. रिकामं आहे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, उघडून बघा. पुजायचंच असेल, तर बंद पेटीला हळदकुंकू लावा. देव रागावत नाही.

गौरी काठीशिवाय चालते, त्या डॉक्टरांचे उपकार फिटायचे नाहीत. दादांना मात्र कुलपाची पेटी घेतली का विचारलं, की “घेऊ की” म्हणतात. त्यांच्या घरात दोन नाती आहेत, एक पाच वर्षांची, एक तीन. दिंद्रुडचा फोन आला, की मी आधी खाली बसते, मग उचलते.